सासूबाईंनी ओळखलेली पाखरं

आष्टीच्या बाजारगल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, बारसं, साखरपुडा, लग्न, आणि घरातलं माणूस गेलं की कुठल्यातरी जुन्या ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा वेगळा काढून मोठा करून देणं, ही माझी कामं. बावीस वर्षांत मी पाखराचा फोटो काढला नव्हता. पाखरू सांगितलं म्हणून हनुवटी खाली घेत नाही.

त्या थंडीत गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई स्टुडिओत आल्या. म्हणाल्या, "शाळेच्या भिंतीवर मोठं फ्लेक्स लावायचंय. आपल्या गावातली पाखरं. नेटवरून उचललेले फोटो नकोत, इथलेच पाहिजेत. खाली प्रत्येकाचं नाव. सव्वीस जानेवारीपर्यंत होईल का?"

मी मनातल्या मनात मोजलं. कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा, बगळा, पोपट, कोकीळ. सात. ताणून दहा. दोन सकाळींचं काम. मी हो म्हणालो.

दोन सकाळींत माझ्याकडे चिमणीचे चाळीस फोटो झाले आणि त्यातल्या एकाही फोटोत चिमणी नीट नव्हती. कुठं शेपूट, कुठं नुसती वायर. लग्नात नवरदेव काळं ब्लेझर घालून आला की चेहरा आणि कपडा दोन्ही सांभाळायची मला सवय आहे, पण कोतवाल नावाचं पाखरू डोक्यापासून शेपटापर्यंत काळं असतं आणि त्याचा डोळाही काळाच. फोटोत नुसतं पाखराच्या आकाराचं भोक दिसायचं. बगळ्याचं उलटं, पांढऱ्याफटक पिसांत काहीच उरायचं नाही. पण मला चीड यायला लागली तशी गोडीही लागली. स्टुडिओ दहाला उघडायचा, म्हणून सहालाच मोटरसायकल काढून बसस्टँडच्या मागं, ओढ्याच्या काठानं, उकिरड्यांवरून फिरायचो. पंधरा दिवसांत सात पाखरांची एकोणीस झाली. महिना भरता भरता एकतीस.

खरी अडचण नावांची होती. बाईंनी एक पुस्तक दिलं होतं. त्यात सगळी पाखरं एका बाजूला तोंड करून शांत बसलेली. माझी कुठलीच तशी बसत नव्हती. मग मी पुस्तक, मोबाईलवरचं ॲप आणि स्वतःचा अंदाज असे तिन्ही मिळवून नावं ठरवायला लागलो.

हे काम मी घरी संध्याकाळी कॉम्प्युटरवर करायचो, आणि दारात सासूबाई उभ्या असायच्या.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. माझी सासुरवाड धनगरांची. सासूबाईंचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. सासरे वारले, मेहुणा पुण्याला कंपनीत लागला, मेंढरं विकली. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचा जीव लागेना, म्हणून माझी बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. पण जावयाच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना मोठा संकोच. मी घरात शिरलो की पदर पुढं ओढून त्या स्वयंपाकघरात जायच्या. माझ्याशी बोलायचं तर लेकीच्या आडून. मी समोर बसलेलो असायचो आणि त्या लेकीला म्हणायच्या, "त्यांना म्हन, जेवून घ्या." मीही लेकीलाच सांगायचो, "त्यांना म्हण, बसा खुर्चीवर." लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी आमचं एवढंच बोलणं.

फोटो बघायला मात्र त्या यायच्या. दाराच्या चौकटीला टेकून, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. एखादं पाखरू स्क्रीनवर आलं की त्यांच्या बांगड्या वाजायच्या. मी मागं बघितलं की गायब.

त्या एकतीस फोटोंतल्या एकावर माझा फार जीव होता. बसस्टँडमागच्या उंबरावर टिपलेलं मोठं पाखरू, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, छातीवर आडवे पट्टे आणि लालभडक डोळा. पुस्तकात लाल डोळा शोधत गेलो तर शिक्रा सापडला. शिकारी पक्षी! गावाच्या मधोमध! मी तो फोटो फ्लेक्सच्या बरोबर मध्यावर सगळ्यांत मोठा घेतला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'शिक्रा'.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर सरपंचांच्या हस्ते फ्लेक्सचं उद्घाटन झालं. मला शाल-नारळ दिला. लोक मधल्या फोटोसमोर उभं राहून म्हणत होते, "च्यायला, असलं पाखरू हाय आपल्या गावात?" मी छाती काढून घरी आलो.

घरी बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

"काय झालं?"

"काही न्हाई."

"अगं सांग ना."

"आई म्हनती, ती कोकिळा हाय."

मी म्हणालो, "कोकीळ काळा असतो. शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल."

स्वयंपाकघरातून भाकरी थापायचा आवाज थांबला. मग हळू आवाजात उत्तर आलं, अर्थात लेकीला. "त्यांना म्हन, काळा नर असतो. ही मादी हाय."

"कधी कळलं त्यांना हे?"

बायको म्हणाली, "आठ दिवसांपूर्वीच. कॉम्प्युटरवर बघितलं तेव्हा. मला म्हनली होती. मी म्हनलं तूच सांग, तर म्हनती, जावयाला चूक कसं म्हनावं."

मला राग आला. आठ दिवसांपूर्वी कळलं असतं तर शाल-नारळ घेऊन सगळ्या गावासमोर उभा राहिलो नसतो. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "कशावरून मादी?"

आत भाकरी थापणं पुन्हा सुरू झालं, आणि त्या थापटण्याच्या ठेक्यातच उत्तर आलं. "त्यांना म्हन, शिक्रा आला की साळुंक्या बोंबलत्यात. खारी बोंबलत्यात. सगळं झाड बोंबलतं. त्या उंबरावर कोन बोंबललं का, विचार. आन शिक्रा काय उंबरं खातो का?"

मी कॉम्प्युटर लावला. त्या सकाळचे पंचवीस-तीस फोटो होते, त्यातला एकच मी ठेवलेला, बाकीचे धूसर म्हणून बाजूला टाकलेले. ते एकेक उघडत गेलो. मागच्या फांदीवर दोन साळुंक्या निवांत अंग साफ करत बसलेल्या. सातव्या की आठव्या फोटोत माझा शिक्रा मान वाकडी करून होता, आणि त्याच्या चोचीत लाल, पिकलेलं उंबर.

दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन खरं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "कोणी ओळखलं?"

"सासूबाईंनी."

"मग राहिलेलीही त्यांनाच दाखवा की, मी चुकलेल्या नावावर कागद चिकटवते तोवर."

राहिलेली दाखवली. म्हणजे मी खुर्चीत, बायको मध्ये आणि सासूबाई दारात. आणखी दोन नावं चुकली होती. फोटो बघून त्या कधीच नाव सांगायच्या नाहीत, आधी प्रश्न विचारायच्या. "चालतं का टुनटुन उड्या मारतं? शेपूट वर करतं का खाली? एकटं होतं का सोबतीनं?" मला काहीच सांगता यायचं नाही. मी फक्त फोटो काढले होते, बघितलं नव्हतं. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, माझं मलाच कळलं.

सगळंच त्यांचं बरोबर होतं असंही नाही. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेल्या हुदहुदाला त्या सुतार म्हणायच्या. पुस्तकातला खरा सुतार मी त्यांना काढून दाखवला, झाडाला उभा चिकटून खोडावर चोच मारणारा. त्यांनी नीट बघितलं आणि लेकीला म्हणाल्या, "हा बी सुतार असंल. त्यांच्यात दोन भाऊ नसतात का?" मी नाद सोडला.

फेब्रुवारीत एकदा बायकोनं त्यांना बळंच माझ्या मोटरसायकलवर बसवलं. "दोघांचा निरोप पोचवून पोचवून माझं तोंड दुखायलं. जा दोघंबी, समोरासमोर बघा पाखरं." त्या एका बाजूला पाय टाकून, कॅरिअरला घट्ट धरून, माझ्यापासून शक्य तितक्या दूर बसल्या. गावातली माणसं वळून बघत होती. ओढ्याच्या पुलापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

आणि एकदम मागून आवाज आला. "थांबा!"

लेकीच्या आडून नाही. थेट मला. मी इतका दचकलो की ब्रेक जोरात लागला आणि कॅरिअर सोडून त्यांनी माझा खांदा धरला. दुसऱ्या हातानं तारेकडे दाखवत होत्या. दहा-बारा येडे राघू एकमेकांना चिकटून ओळीनं बसलेले, हिरवेगार, ऊन खात. "एक उडंल बघा. माशी धरून परत त्याच जाग्यावर येईन. आदुगर जागा धरा, मंग फोटू." मी मोकळ्या जागेवर फोकस धरून बसलो. पाखरू गेलं, आलं, चोचीत माशी. माझा उडत्या पाखराचा पहिला नीट फोटो तो.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीन सकाळी आम्ही जायचो. लोकांनी वळून बघणं सोडलं. सासूबाई मला "जावईबापू" म्हणायला लागल्या, आणि कधी घाईत नुसतंच "ओ".

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. एका सकाळी मैदानाकडून जाताना एक टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत झेपावायला लागली. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. "अंडी हायेत इथं. पाय बघून टाका."

मी दहा मिनिटं फिरलो. खडे आणि माती. त्या एका जागी उभ्या राहिल्या, टिटवी कुठं उतरते ते बघितलं आणि सरळ चालत जाऊन बोट दाखवलं. जमिनीतल्या उथळ खड्ड्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी, टोकं आत वळवून मांडलेली. घरटं म्हणायला गवताची काडीसुद्धा नाही. मी तिथून दोनदा गेलो होतो.

आम्ही उभेच होतो तोवर फाटकातून मुरमाची ट्रॉली आत आली. सुट्टीत मैदानावर मुरूम पसरायचा होता. ट्रॅक्टरवाला उतरला, चांगला पन्नाशीचा माणूस, उपरण्यानं घाम पुसत.

"सरका मावशी. इथं खाली करायचंय."

"इथं न्हाई. अंडी हायेत."

"कशाची?"

"टिटवीची."

तो हसला. "अवो, अपशकुनी पाखरू ते. घरावरून वरडत गेलं तर आमची म्हातारी दारात पानी टाकती."

सासूबाई माझ्याशी ज्या हळू आवाजात बोलायच्या, तो आवाज त्या दिवशी नव्हता. "मेंढरं राखलीत का कधी? आमी माळावर पाल टाकून राह्यचो. लांडगा आला की कुत्र्याच्या आदुगर टिटवी वरडायची. तिच्या वरडन्यानं उठलो म्हनून वाडग्यातली मेंढरं वाचली, एकदा न्हाई, लईदा. अपशकून म्हने!"

ट्रॅक्टरवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी बाईंना फोन लावला, त्या माहेरी गेल्या होत्या. त्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलल्या, मग सरपंचांशी. ठरलं असं, की मुरूम आधी पलीकडच्या अर्ध्या मैदानावर पडेल, हा कोपरा शेवटी. सासूबाईंनी अंड्यांपासून चार पावलांवर दगडांचं कडं केलं. मुद्दाम मोठं, पाखराला भीती वाटू नये म्हणून. आणि दुसऱ्या दिवसापासून भाकर बांधून, पाण्याची बाटली घेऊन त्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसायला लागल्या. कुत्रं आलं की हाकलायचं, क्रिकेटवाले आले की पलीकडे पाठवायचं.

पहिले दोन दिवस ट्रॅक्टरवाला त्यांच्याकडे बघायचाही नाही. तिसऱ्या दिवशी तो ट्रॉली वळवताना स्वतःच खाली उतरून कडं कुठं आहे ते बघून आला. चौथ्या दिवशी दोघं व्हरांड्यात बसून चहा पीत होते.

मी लग्नांच्या ऑर्डरींतून सवड काढून जायचो. एका दुपारी, ऊन असं की कॅमेऱ्याला हात लावला तर चटका, सासूबाई म्हणाल्या, "आता बघा हं, ती पान्यावर जाईन." टिटवी उठली, टाकीच्या नळाखाली साचलेल्या पाण्यात जाऊन बसली आणि पोटाची पिसं भिजवायला लागली. मग झपझप चालत परत आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली.

"अंडी गार करून राह्यली," सासूबाई म्हणाल्या. "आमी लेकराच्या टाळूवर वलं फडकं ठिवायचो तसं."

मी व्हरांड्याच्या फरशीवर पालथा पडून फोटो काढत होतो. पिसांवरून थेंब पडतानाचा एक मिळाला. इतक्या वर्षांत मी काढलेला सगळ्यांत चांगला फोटो कुठला, असं कुणी विचारलं तर मी तोच दाखवतो.

असे सोळा-सतरा दिवस गेले. मैदानाचं बाकी काम संपत आलं. ट्रॅक्टरवाला दुसरीकडची कामं आधी उरकून घ्यायला लागला, "इथलं काय, होईन" म्हणत.

मग परतूरला लग्नाची मोठी ऑर्डर होती. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या आणि खिशात फोन थरथरला. बायको. मी एका हातानं कॅमेरा धरून फोन कानाला लावला.

"आई म्हनती, अंड्यातून आवाज येऊन राह्यला. एकाला टवका पडलाय. जल्दी या."

"कसं येऊ? अंतरपाट धरलाय इथं!"

"मंग तिला काय सांगू?"

"बघून ठेवा म्हण. सगळं बघून ठेवा."

ते लग्न मी कसं काढलं मला आठवत नाही. जेवणाच्या पंगती, सप्तपदी, पाठवणी. नवरीच्या आईनं डोळे पुसले, मी तो फोटो काढला आणि मनात अंड्याला पडलेला टवका होता. पाच वाजता मी शाळेत पोचलो. कड्यात एक अंडं होतं. टिटवी नव्हती, पिल्लं नव्हती.

सासूबाई व्हरांड्यातून उठून आल्या. "गेली," म्हणाल्या. "तिघं निघाली. एक राह्यलं."

माझं तोंड पडलं असणार, कारण त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि पाणी दिलं. "ऐका. सगळं बघितलंय म्या."

आणि त्या सांगायला लागल्या. पहिलं पिल्लू कसं अर्धं बाहेर येऊन दमलं आणि मान टाकून पडलं. मग ते वाळलं, फुललं, उभं राहिलं आणि पडलं. ते कसं पडलं हे सांगताना त्यांना बोलणं पुरेना, म्हणून त्या उठल्या. पासष्टीच्या बाईनं शाळेच्या व्हरांड्यात पिल्लाची चाल करून दाखवली. गुडघे आत, मान पुढं, चार पावलं तुरुतुरु, एकदम थांबणं, खाली बसणं, पुन्हा तुरुतुरु. आई पुढं चालत कशी हाक घालत होती, वर घार आल्यावर तिच्या एका आवाजासरशी तिन्ही पिल्लं जागच्या जागी कशी खडा होऊन गेली, घार गेल्यावर कुंपणाच्या तारेखालून एकेक करून कशी ओढ्याकडे निघाली. हे करता करता त्यांचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. त्यांच्या ध्यानात आलं नाही. मीही दाखवून दिलं नाही. त्यांचे केस पांढरे झालेत हे मी पहिल्यांदा बघितलं.

राहिलेल्या अंड्याची आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघितली. टिटवी परत आली नाही. सासूबाईंनी ते कुंपणाकडेला पुरलं आणि हात झाडत ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या, "टाक आता तुझा मुरूम."

पिल्लं आम्हाला तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठी सापडली, म्हणजे त्यांना सापडली, टिटवीच्या ओरडण्यावरून. तीनच्या तीन. मला एकाचा फोटो मिळाला, तोही पाठमोरा, लांब पायांवर ठेवलेला कापसाचा बोळा वाटावा असा. धूसर आहे, पण तो मी बाजूला टाकला नाही.

पंधरा दिवसांनी स्टुडिओत फोन आला. ट्रॅक्टरवाला होता. गावापासून दोन कोसांवर कुणाचं तरी शेततळं खोदायचं काम चाललं होतं. "दादा, इथं बी एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालून राह्यली. मशीन बंद करून बसलोय. मावशीला आना की जरा."

मी घरी गेलो. सासूबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. सांगितल्याबरोबर सूप बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि माझ्या आधी जाऊन मोटरसायकलपाशी उभ्या राहिल्या.

तिथं आम्ही तासभर बांधानं आणि ढेकळांतून फिरलो. अंडी सापडली नाहीत. सासूबाई म्हणाल्या, की पिल्लं हायेत, बांधाकडच्या गवतात, पण दिसायची न्हाईत. ट्रॅक्टरवाल्यानं "बराबर" म्हणून मान हलवली आणि मशीन दुसऱ्या टोकाला नेलं. आम्ही तिघं बाभळीच्या सावलीत बसलो. त्यानं जेवणाचा डबा उघडला, सासूबाईंनी त्याच्या चटणीत मीठ जास्त झालंय म्हणून सांगितलं, आणि टिटवी आमच्यावर ओरडत राहिली.